गाभा कोरडा आहे का?

२ फेब्रुवारी

पोरी,

तुझ्या बापाचा आवाज डॉक्टरांनी सध्या कपाटात बंद करून ठेवलाय. इथे शहरात गळ्याचं ऑपरेशन नीट झालं. सहा आठवडे एक शब्द बोलायचा नाही, म्हणून उशाशी पाटी आणि खडू. काल नर्सला ‘खिडकी लावा’ असं लिहून दाखवेपर्यंत ती चार खाटा पुढे गेली होती. जन्मभर भट्टीच्या आवाजावर ओरडून बोललेला माणूस मी, आता तुझी आई जे बोलेल ते मुकाट ऐकतो. ती मजेत आहे.

कामाचं लिहितो. पाणीखात्याच्या पंपाचं चाक आठ मार्चला द्यायचंय. गावाचे पंप दोनच. एकाचं चाक तडकलंय आणि दुसरा एकटा सगळ्या गावाचं पाणी रेटतोय. तो बसला तर पहिल्याच दिवशी सरकारी दवाखान्याच्या टाक्या कोरड्या पडतील. म्हणून चाक होईपर्यंत दुसरं काम हातात घेऊ नकोस.

पहिला आठवडा सुतारकाकांचा. लाकडी नमुना त्यांच्या मनासारखा होऊ दे, घाई करू नकोस. दुसरा आठवडा साचा आणि गाभा. चाकाच्या पोटातली पोकळी गाभ्यावर ठरते. वाळूचा तो गोळा पूर्ण सहा तास भाज. आत ओल राहिली आणि वितळलेलं बीड त्यावर पडलं, की वाफेला वाट मिळत नाही, सगळं उसळून अंगावर येतं. तुला माहीत आहे, तरी लिहितो. तिसरा आठवडा मोकळा ठेव. काही चुकलंच तर सुधारायला तो लागतो.

अडलं तर भट्टीवाल्या दादाला विचार. तुला बोलताही येत नव्हतं तेव्हापासून तो त्या भट्टीपुढे उभा आहे.

तुझा
बाबा

६ फेब्रुवारी

बाबा, नमस्कार.

तुमचं पत्र वाचून हसू आलं आणि थोडा रागही आला. मी फौंड्रीत पाहुणी आलेय का? आठ वर्षं झाली मला.

चाकाचं काम चालू आहे. नमुना अर्धा झाला, सुतारकाका नेहमीप्रमाणे कुरकुरतायत, म्हणजे सगळं ठीक. आता बातमी ऐका. मी अजून दोन कामं घेतली. बागेच्या बाकांचे चाळीस लोखंडी पाय आणि गटाराच्या साठ जाळ्या. थांबा, फोन वाजतोय.

आले. जाळ्यांवाले होते, त्यांना वीस तारखेला हव्यात. तर मी सांगत होते, चाकाचा नमुना होईपर्यंत साचे भरणाऱ्या दोघी बसून राहणार, भट्टी थंड राहणार, हे कशासाठी? मी सगळं आखलंय. सकाळी जाळ्या, दुपारी बाकांचे पाय, मधल्या वेळात चाक. भिंतीवर तीन रंगांच्या खडूंनी तक्ता काढलाय, तुम्ही बघाल तर

परत फोन. हे पत्र तिसऱ्या बैठकीत पुरं करतेय. तुम्ही एका वेळी एकच काम करायचात, तेव्हा फौंड्रीत गिऱ्हाईकही एकच असायचं. मला तीन कामं एकदम पेलतात. बाकांवाल्यांशी बोलता बोलता आज मी वाळू चाळून घेतली आणि हजेरीही लिहिली.

काळजी करू नका. दूध पीत जा. आईला सांगा, मी जेवते.

तुमची
पोरगी

१० फेब्रुवारी

पोरी,

तुझं पत्र तीनदा वाचलं. पहिल्या वेळी कौतुक वाटलं. दुसऱ्या वेळी दिसलं की एक वाक्य तू अर्धंच सोडून गेलीस. तिसऱ्या वेळी कागद ओढून हे लिहायला घेतलं.

पत्रातलं वाक्य अर्धं राहिलं तर बापाला राग येतो, एवढंच. फौंड्रीत कुठलं वाक्य अर्धं राहणार, ते तुला आधी कळणार नाही. वाळू चाळताना हाताला कळतं ती किती ओली आहे. कान फोनला असला की हात मुके होतात. हे मी तुला बोलून शिकवलं नाही, कारण मला वाटलं तू बघून शिकलीस.

तक्ता छान असेल. त्यात एक रकाना कमी आहे. ‘या वेळी मी दुसरं काहीही करणार नाही’ असा.

जाळ्या आणि बाक परत कर. गिऱ्हाइकाला सांग, बाप आजारी आहे. खोटं नाही ते. दोन्ही कामं एप्रिलमध्ये घे.

लगेच कळव. वाट पाहतोय.

बाबा

१५ फेब्रुवारी

बाबा,

उत्तराला उशीर झाला. कामाची गडबड होती.

दादा थोडे दिवस रजेवर आहेत. पाय मुरगळलाय. विशेष काही नाही.

चाकाचं काम चालू आहे, तारीख गाठू. जाळ्या आणि बाक आता परत करणं बरं दिसणार नाही, शब्द दिलाय. दोन्ही कामं अर्ध्यावर आली आहेत.

तुमच्या गळ्याचे टाके काढले का?

तुमची पोरगी

१९ फेब्रुवारी

पोरी,

टाके काढले. दुखत नाही. जेवण पातळ आहे, पण चवीचं.

मला काही प्रश्न पडलेत. इथे वेळ भरपूर आहे, म्हणून पडतात. दादाचा कुठला पाय मुरगळला, डावा की उजवा? मुरगळला तेव्हा तू कुठे होतीस? त्याला बघायला गेली होतीस का? आणि चाकाचा साचा एकदा भरून झाला होता की नाही? तुझ्या पत्रात ‘चालू आहे’ असं दोनदा आलंय. माझ्या फौंड्रीत काम चालू असतं किंवा झालेलं असतं, आणि चालू असलं तर कुठपर्यंत आलं ते सांगता येतं.

सावकाश उत्तर दे. मी रागावलेलो नाही. फोन उचलू नकोस, दार लावून घे, आणि फक्त पत्र लिही.

बाबा

२३ फेब्रुवारी

बाबा,

काल सकाळी जाळ्यांवाले आले आणि दुपारी बाकांवाले. दोघांच्या हातात तुमचं पत्र. ‘मुलीवर भार फार झाला आहे, काम एप्रिलनंतर करू, मोठ्या मनाने समजून घ्यावे.’ समजून घेतलं त्यांनी. जाळ्यांवाले जाताना मला म्हणाले, “ताई, वडिलांचं ऐकत जा.” साचे भरणाऱ्या दोघी तिथेच उभ्या होत्या. तोंडात मारल्यासारखं झालं मला.

मला न विचारता? माझ्या पाठीमागे? मी लहान मुलगी आहे का, की शाळेत चिठ्ठी पाठवून पोर आजारी आहे म्हणून कळवायचं? तुम्ही तिथे खाटेवर पडून इथली भट्टी चालवणार असाल तर मी कशाला आहे?

आणि प्रश्न! डावा की उजवा! ही काय उलटतपासणी आहे? चाक मी वेळेत देणार आहे. गरज पडली तर स्वतः भट्टीपुढे उभी राहून ओतणार आहे. दादा असोत नसोत.

यापुढे फौंड्रीच्या नावाने कुणालाही पत्र लिहायचं असेल तर आधी मला लिहा.

नमस्कार.

२६ फेब्रुवारी

पोरी,

तू रागावलीस ते बरोबर आहे. मी तुझ्या पाठीमागे पत्रं लिहिली. तुला विचारून लिहायला हवी होती. पण तू खोटं लिहीत होतीस आणि भट्टी पेटलेली होती. पुन्हा तसं झालं तर पुन्हा लिहीन.

सोळा तारखेला मला दादाच्या बायकोचं पत्र आलं. तुझं ‘पाय मुरगळलाय’ हे पत्र त्याच्या दुसऱ्या दिवशी आलं. दोन्ही मी उशीखाली ठेवली आहेत. वहिनीने तक्रार केलेली नाही. बारा तारखेला चाक ओतताना साचा उसळला, डावा पाय गुडघ्यापर्यंत भाजला, सरकारी दवाखान्यात आहेत, एवढंच लिहिलंय. आणि शेवटी असं की, अपघाताच्या वहीत ताईंनी लिहिलंय, ‘भट्टीवाल्याने गाभा कोरडा असल्याची खात्री न करता ओतले.’ दोन तारखेला कारखान्यांचे तपासनीस येणार आहेत. ती ओळ तशीच राहिली तर दादाला पुन्हा कुठल्याही भट्टीपुढे उभं राहू देणार नाहीत.

मी एकोणीस तारखेला सगळं जाणून प्रश्न विचारले. तू स्वतः सांगशील अशी आशा होती. तू सांगितलं नाहीस.

आता ऐक. सत्तावीस वर्षांत दादाने न विचारता ओतल्याचं मला आठवत नाही. माझा एक पाय भट्टीत असला तरी तो मला विचारायचा. कधी कधी कंटाळा यायचा त्याचा. म्हणून मी म्हणतो, त्या दिवशीही त्याने विचारलं असणार. कुणाला विचारलं? आणि काय उत्तर मिळालं? इथे बसून मला ते कळणार नाही. तुलाच ठाऊक.

चाकाचं नंतर बघू. आधी हे.

बाबा

ता. क. — हे फिरायला गेलेत तोवर लिहिते. यांचा आवाज सहा आठवड्यांनी येणार नाही. आता कधीच येणार नाही. पहिल्याच दिवशी पाटीवर लिहून मला बजावलं, पोरीला सांगायचं नाही, तिचं लक्ष कामात राहू दे. तुम्ही दोघं एकमेकांपासून काय काय लपवता आणि मी मधे बसून दोघांची पत्रं टपालात टाकते. मला आता हे जमणार नाही. खरं लिही. — आई

८ मार्च

बाबा,

दार लावलंय. हे एकच करतेय.

त्या दिवशी गाभा भाजायच्या बंद कोठीत होता. चार तास झाले होते. बाकांच्या पायांचे साचे वाळवायला कोठी हवी होती, म्हणून मी तो बाहेर काढायला सांगितला. वरून हात लावला, गरम होता, कोरडा लागला. मनात म्हटलं, उरलेली ओल हवेवर सुकेल. मग साचा बंद झाला, बीड वितळलं, आणि त्याच वेळी जाळ्यांवाल्यांचा फोन आला. मी ऑफिसच्या दारात उभी, वायर ताणून, एक डोळा भट्टीकडे. ते विचारत होते, वीस तारखेला नक्की ना? दादांनी तिकडून विचारलं, “ताई, गाभा कोरडा आहे का?” मी म्हटलं, “हो, हो.”

त्यांनी ओतलं.

आवाज कसा झाला ते मी लिहू शकत नाही. मोठा नव्हता. भिजलेलं फडकं तव्यावर पडावं तसा, फक्त तो थांबत नव्हता. दादा ओरडलेही नाहीत. आधी त्यांनी कढई सरळ धरून खाली ठेवली, म्हणजे उरलेलं बीड साचे भरणाऱ्या दोघींच्या अंगावर जाऊ नये. मग बसले.

वहीत मी ते लिहिलं कारण संध्याकाळी मनात एकच चाललं होतं, की मी ‘हो’ फोनला म्हणाले होते, दादांना नाही. ते तर खरंच होतं ना? इतके दिवस मी तेच घोकत होते. तुमच्यावर ओरडले तेव्हाही.

तुमचं पत्र अठ्ठावीसला आलं. आईची ओळ वाचली आणि मी फौंड्रीच्या पायरीवरच बसले. तुमच्या आवाजाचं मी आत्ता काही लिहीत नाही. लिहायला लागले तर हे राहील.

तशीच दवाखान्यात गेले. वही बरोबर घेतली. वहिनींनी स्टूल पुढे केलं. मी दादांना वाचून दाखवलं, “आधीची नोंद चुकीची आहे. गाभा चार तासांत बाहेर काढण्याचा निर्णय माझा होता. भट्टीवाल्याने विचारले असता तो कोरडा असल्याचे मी सांगितले.” खाली सही.

दादा म्हणाले, “ताई, एक विचारू? तो ‘हो’ मला म्हणालात की फोनला?”

“फोनला.”

“म्हणजे माझं ऐकू आलं नव्हतं तुम्हाला.”

बाबा, तिथून सुटता आलं असतं मला. ते स्वतःच दार उघडून देत होते. वहिनीसुद्धा माझ्याकडे बघत होत्या.

मी म्हटलं, “ऐकू आलं होतं, दादा. प्रश्न मी ऐकला होता. फोन ठेवून उत्तर देईन असं मनात आलं होतं. मग राहिलं.”

दादांनी डोळे मिटले. मला वाटलं आता हाकलून देतील. ते म्हणाले, “सोळा दिवस मी इथे पडून आठवतोय. तुम्ही वहीत लिहिलंत म्हणून कळलं, तेव्हापासून मला वाटायला लागलं की मी विचारलंच नसेल. वय झालं, विसरलो असेन. हिला रोज विचारतो, मी विसरायला लागलोय का गं?” आणि ते रडायला लागले. पाय भाजला तेव्हा रडले नव्हते. मी काय केलं होतं ते मला तेव्हा कळलं.

माफी मागितली. त्यांनी ‘असू दे’ म्हटलं नाही. वहिनी म्हणाल्या, “आता जा, यांना झोपू दे.” मी गेले.

तपासनीस दोन तारखेला आले. दोन्ही नोंदी वाचल्या. दादांवरचा ठपका गेला. मला लेखी ताकीद आहे आणि वर्षभर माझ्या एकटीच्या देखरेखीखाली ओतायचं नाही, परवानाधारक माणूस समोर हवा. परवानाधारक माणसं इथे दोन. एक तुम्ही, एक दवाखान्यात. आणि चाक आठ तारखेला द्यायचं. तपासनीस आले त्याच दिवशी पाणीखात्याचे साहेब सांगून गेले, दुसऱ्या पंपाच्या बेअरिंगचा आवाज वाढलाय, गावाला आता दर तीन दिवसांनी पाणी सोडणार.

मी दादांना काही विचारलं नाही. विचारायचं तोंड नव्हतं. साचे भरणाऱ्या दोघींपैकी थोरलीने परस्पर जाऊन सांगितलं असावं. तीन तारखेला सकाळी रिक्षा थांबली. पायाला मांडीपर्यंत पट्ट्या, एका बाजूला वहिनी, दुसऱ्या बाजूला कुबडी. मला म्हणाले, “तुमच्यासाठी नाही आलो. त्या दवाखान्यात पाणी नसलं की माझ्या जखमा धुणार कशाने?” आणि कोठीच्या दारापासून दहा पावलांवर खुर्ची मांडून बसले.

त्या दिवशी मी फक्त गाभा भाजला. दुसरं काही नाही. फोनचा रिसीव्हर काढून टेबलावर ठेवला. पहिल्या तासात माझा हात पन्नासदा कशाकशाकडे गेला, वही, झाडू, हजेरी. दादा बघत होते. दोन तास झाल्यावर हात शांत झाले. वास बदलतो, बाबा. आधी ओल्या मातीचा येतो, मग करपल्यासारखा, आणि पाचव्या तासानंतर येतच नाही. आठ वर्षांत मला हे माहीत नव्हतं. सहाऐवजी सात तास भाजला. सोबत तपासायला त्याच वाळूचा एक जोडगाभा भाजला होता, तो फोडून दादांच्या हातात दिला. आतपर्यंत तपकिरी, एकसारखा. त्यांनी तुकडा नखाने खरवडला, जिभेलाही लावला.

चार तारखेला ओतलं. दादा पुन्हा त्याच खुर्चीत होते. पाणीखात्याचे साहेब फोन लागत नाही म्हणून स्वतः आले होते, त्यांना फाटकातच उभं केलं. म्हणाले, “फक्त तारखेचं विचारायचंय.” थोरली म्हणाली, “आज ताई ऐकत नाहीत.”

कढई माझ्या आणि थोरलीच्या हातात होती. दादांनी खुर्चीतून विचारलं. तोच प्रश्न, तशाच आवाजात. मी कढई टेकवली. त्यांच्याकडे वळून पाहिलं. म्हटलं, “कोरडा आहे.” मग ते म्हणाले, “ओता.”

साच्याच्या भोकांतून निळी ज्योत आली, सरळ, आणि काहीच झालं नाही. काहीच न होणं इतकं मोठं असतं हे मला माहीत नव्हतं. वहिनींनी माझ्या पाठीवर हात ठेवला आणि लगेच काढून घेतला.

दुसऱ्या दिवशी साचा फोडला. कडेला हरभऱ्याएवढा एक खड्डा आहे, पोटात नाही. लेथवर कातकाम झालं. काल चाक बसवलं, आज सकाळी पंप सुरू झाला. साहेबांनी दोन तास आवाज ऐकला आणि मगच सही केली.

दादा परत दवाखान्यात गेले. पुन्हा कामावर येतील की नाही ते त्यांनी सांगितलं नाही. मी रोज संध्याकाळी जाऊन बसते. ते पेपर वाचतात. आज म्हणाले, “थोरलीला परवान्याच्या परीक्षेला बसवा.” मला वाटतं ते येणार नाहीत. तुम्हाला हे खरं लिहायचं होतं.

तुमची
पोरगी

११ मार्च

पोरी,

पत्र पोचलं. रात्री आईला वाचायला दिलं, सकाळी पुन्हा मागून घेतलं.

दादाने यायचं की नाही ते त्याचं त्याला ठरवू दे. तू जाऊन बसत राहा. मनधरणी करू नकोस. थोरलीला परीक्षेला बसव, मी शिकवीन. पाटीवर शिकवता येतं, उलट बरं, एका वेळी एकच ओळ मावते.

माझ्या आवाजाचं तुला कळलंय ते मला कळलंय. आधी आईचं तोंड पाहून, मग तुझ्या पत्रातून. लपवायला नको होतं. भीती वाटत होती की मुका बाप फौंड्रीत कशाला, असं कुणी म्हणेल. तू म्हणशील असं नव्हे. मीच म्हणेन.

बुधवारी दुपारच्या गाडीने येतोय. स्टेशनवर येऊ नकोस. तुझं एप्रिलचं काम बहुतेक आधीच सुरू झालं असेल, आणि त्या दिवशी गाभा कोठीत असेल तर तो सोडून हलायचं नाही. आम्ही रिक्षा करून येऊ.

बाबा

ता. क. — स्टेशनवर ये. गाभा मंगळवारी भाज. — आई